नव्वदीच्या अलीकडे

रंजना भोयेच्या टोळीत त्या हंगामात चौतीस माणसं होती. सगळी सुरगाण्याकडची, दोन शेजारशेजारच्या पाड्यांवरची, एकमेकांच्या नात्यातली. ऑक्टोबरच्या छाटणीआधी कंपनीचा टेम्पो त्यांना निफाडच्या बाजूच्या द्राक्षबागांवर घेऊन यायचा आणि मार्चअखेर शेवटचा घड उतरला की परत पाड्यावर सोडायचा. मधले सहा महिने पॅकहाऊसच्या मागच्या पत्र्याच्या खोल्या हेच घर. कंपनीने चारशे एकर बागा भाडेपट्ट्याने घेतल्या होत्या. माल सगळा परदेशी जायचा.

रंजना अडतीस वर्षांची. नवऱ्याने सोडल्याला चौदा वर्षं झाली होती. आईबाप त्याआधीच गेलेले, म्हणून धाकट्या हेमराजला तिनेच वाढवलं, आश्रमशाळेत घातलं, त्याचं लग्न लावलं. त्याची बायको योगिता टोळीतच होती, घडांची विरळणी करायची. तिचा हात इतका हलका की कात्री घडात जाऊन बाहेर यायची आणि शेजारच्या मण्याला धक्का लागत नसे. हेमराज स्वतः ड्रोनच्या तळावर. फवारणी आता ड्रोन करत, पण त्यांच्या टाकीत औषध मिसळून भरायला माणूसच लागे. पहाटे वारा पडलेला असतानाच ते काम उरकावं लागायचं.

मनगटावरचे पट्टे आले त्याच्या दोन हंगाम आधी. ते बनवणाऱ्या डॉ. शहनाज मुजावर स्वतः पॅकहाऊसमध्ये आल्या होत्या. साध्या, बुटक्या, कोल्हापुरी बोलणाऱ्या बाई. उलट्या घातलेल्या क्रेटवर बसून त्यांनी बायांना समजावलं होतं.

“मेंदूनं हाताला सांगितलं, उचल. हा निरोप नसेतून धावत येतो आणि स्नायूपाशी एका रसायनाचा थेंब टाकतो. थेंब पडला की हात उचलतो. पण थेंब तिथंच राहिला तर? हात उचललेलाच राहील. म्हणून शरीरानं तिथं झाडूवाल्या नेमल्यात. निरोप पोचला की थेंब झाडून टाकायचा, एवढंच त्यांचं काम. आता कीड मारायचं औषध काय करतं, तर या झाडूवाल्यांचे हात बांधून टाकतं. किड्याच्याही आणि तुमच्याही.”

“मग कचरा साचला की काय होतं?” योगितानेच विचारलं होतं.

“घाम सुटतो. लाळ गळते. डोळ्यांपुढं धुकं येतं. दंड, पापण्या आपोआप फडफडायला लागतात. आणि शेवटी श्वास घेणारे स्नायू दमतात.” डॉक्टर थांबल्या. “पण हे दिसायच्या कितीतरी दिवस आधीपासून झाडूवाल्या कमी होत आलेल्या असतात. ते कळायला आजवर रक्त काढून शहरात पाठवावं लागत होतं. हा पट्टा ते इथंच मोजणार.”

पट्ट्याच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक सुयांची चकती होती. त्या कातडीखालचा द्राव ओढून त्यातल्या झाडूवाल्या मोजायच्या. दिवसभर नोंद ठेवायची, आणि सकाळी सातला माणूस पॅकहाऊसमध्ये आला की सगळे आकडे कंपनीच्या यंत्रणेला जायचे. क्षणात निकाल: हिरवा दिवा म्हणजे कामाला योग्य, पिवळा म्हणजे विश्रांती. दर पाच दिवसांनी चकती बदलावी लागे. त्यासाठी पट्ट्याची कडी उघडायचा अधिकार फक्त मुकादमाच्या, म्हणजे रंजनाच्या, फोनला होता.

पहिल्याच वर्षी सोमा महालेचा दिवा पिवळा झाला. सोमा ओरडला, मला काय झालंय, दोन भाकरी जास्त खातो मी! तरी त्याला विश्रांतीला पाठवलं. ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की अजून आठवडाभर बागेत राहिला असता तर हाती लागला नसता. त्या दिवसापासून टोळीतल्या बाया पट्ट्याला जपायला लागल्या. भांडी घासताना त्याच्यावर फडकं गुंडाळायच्या.

दुसऱ्या वर्षी कायदा आला.

बातमी सगळ्यांच्या फोनवर पोचली होती, आणि रंजनाने ती पॅकहाऊसच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवली होती. एका हंगामात एकाच मालकाकडे कामाचे नव्वद दिवस भरले, की तो माणूस उचलून आणलेला मजूर राहणार नाही. पुढच्या हंगामात त्यालाच आधी बोलवावं लागेल. त्या हंगामात आणि नंतरच्या तीन महिन्यांत तो आजारी पडला, तर तो आजार कामामुळेच झाला असं धरून उपचार मालकाने करायचे. अट एकच होती. मध्ये सलग सात दिवसांपेक्षा मोठा खंड पडता कामा नये. पडला तर मोजणी पुन्हा एकपासून.

मुकादमांना हा कायदा लागू नव्हता. कागदोपत्री मुकादम म्हणजे छोटा कंत्राटदार. रंजनाला त्याचं फार काही वाटलं नाही. तिची चौतीस माणसं नव्वद दिवस सहज भरणार होती.

कायद्यानंतरचा हा पहिला हंगाम ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला. सुट्या वगळून डिसेंबरअखेर कामाचे सत्तर दिवस भरले. तोवर टोळीत पिवळा दिवा फक्त दोनदा लागला, तोही दोन-दोन दिवसांपुरता. मग सत्तराव्या दिवसानंतर रोज एखादा पिवळा दिवा यायला लागला. शहात्तराव्या दिवशी तिघी. अठ्ठ्याहत्तराव्याला चौघे. प्रत्येकाला आरोग्य विश्रांती मिळायची, आणि ती नेमकी आठ दिवसांची.

“साहेब, सात दिवसांची द्या की,” रंजनाने व्यवस्थापक शिरसाटांना विनवलं. “आठव्या दिवशी त्यांची मोजणी पुसली जाते. एकपासून धरलं तर मार्चपर्यंत साठसुद्धा भरत नाहीत.”

शिरसाट तरुण होते, आवाज कधी चढवायचे नाहीत. “रंजनाबाई, यंत्रणा सांगते आठ. शरीर भरून यायला तेवढे लागतात. मी सातव्या दिवशी बोलावलं आणि बाईला काही झालं, तर तुम्ही येणार आहात का जबाबदारी घ्यायला?”

तिने सरकारी मदतक्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आरोग्यासाठी दिलेली विश्रांती म्हणजे कामावरून काढणं होत नाही. उलट कंपनी काळजी घेते आहे, ही चांगली गोष्ट आहे.

विश्रांतीला गेलेल्या बाया पाड्यावर पोचल्या की दुसऱ्याच दिवशी लाकडं आणायला रानात जात. त्यांचे हसतेखेळते फोन येत. कुणाला घाम नाही, कुणाच्या डोळ्यांपुढे धुकं नाही. पिवळ्या दिव्यावरचा रंजनाचा विश्वास असाच एकेका फोनबरोबर उडत गेला.

ऐंशीव्या दिवशी दुपारी तिच्या फोनवर सूचना आली: हेमराज भोये, पातळी घसरते आहे, उद्या सकाळच्या मोजणीनंतर निर्णय.

ती तडक ड्रोनच्या तळावर गेली. हेमराज टाक्या धुऊन उपड्या मांडत होता. तिने फोन त्याच्यापुढे धरला.

“माझंही नाव आलं का,” तो म्हणाला. “दहा दिवस राहिले होते फक्त.”

“तुला काही होतंय का? खरं सांग.”

“डोकं दुखतं थोडं. औषधाच्या वासाने दुखतंच.”

पॅकहाऊसकडे परतताना वाटेत योगिता भेटली. तिला रंजनाने सूचनेचं सांगितलं तेव्हा तिने डोक्यावरचं क्रेट खाली ठेवलं.

“आक्का, जाऊ द्या त्यांना घरी. चार दिवस झाले, त्यांना फोनवरची अक्षरं लागत नाहीत. मला वाचून दाखवायला सांगतात. जेवतानाही हात थरथरतो.”

“थंडी किती पडलीय बघतेस ना? सगळ्यांचेच हात थरथरतायत.”

“डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, डोळ्यांपुढं धुकं येतं म्हणून.”

“आणि त्याच डॉक्टरबाईंच्या पट्ट्यानं जनाबाईला घरी पाठवलं. काल डोंगर चढून करवंदीच्या काट्या तोडून आली ती!” रंजनाचा आवाज चढला. “दहा दिवस, योगिता. एकदा नव्वद भरले की पुढच्या वर्षी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. आजारी पडला तरी कंपनी बघेल. आत्ता गेला तर काहीच नाही.”

योगिता क्रेट उचलून चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी चकत्या बदलायच्या होत्या. सकाळी सहाला रंजनाने हेमराजच्या पट्ट्याची कडी उघडली, पट्टा स्वतःच्या उजव्या मनगटावर बांधला आणि त्याच्या मनगटावर मागच्या वर्षीचा एक बंद पडलेला पट्टा अडकवला. डाव्या मनगटावर तिचा स्वतःचा होताच. लांब बाह्यांचा शर्ट सगळेच घालत. रंजना बागेत फवारणीनंतर दोन-तीन दिवसांनी जायची, औषधाला हात लावत नसे. सात वाजता हेमराजच्या नावापुढे हिरवा दिवा लागला.

“झालं,” ती म्हणाली. हेमराज हसला. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि थंडी अशी होती की बोलताना तोंडातून वाफ येत होती. रंजनाने तो घाम पाहिला. पुढे चौकशीत तिने हे स्वतःहून सांगितलं, कुणी विचारलेलं नसताना.

त्र्याऐंशीव्या दिवशी योगिताचा दिवा पिवळा झाला. रंजनाची दोन्ही मनगटं भरलेली होती. योगिताने पिशवी भरली. टेम्पोत चढण्याआधी ती नणंदेसमोर येऊन उभी राहिली.

“मला काही झालेलं नाही हे मला माहितेय,” ती म्हणाली. “पण त्यांना झालंय. रोज संध्याकाळी त्यांचे डोळे बघत जा. माझ्यासाठी तेवढं करा.”

रंजना हो म्हणाली. पहिले दोन दिवस तिने पाहिलंही. डोळे लाल होते, एवढंच तिला कळलं. बाहुल्या बघायच्या असतात हे तिला माहीत नव्हतं.

शहाऐंशीव्या दिवशी सकाळी सातला रंजना पॅकहाऊसच्या दारात उभी होती आणि फोनवर एकामागून एक नावं येत होती. स्वतःचं नाव, हिरवा. हेमराज भोये, पिवळा.

तिने पुन्हा पाहिलं. दोन्ही पट्टे तिच्याच हातांवर होते. दोन्हींच्या सुया तिच्याच कातडीत. रक्त एक, शरीर एक. तरी एक पट्टा म्हणत होता काम कर आणि दुसरा म्हणत होता घरी जा.

तिला सगळं एका झटक्यात समजलं. नव्वदीच्या जवळ आलेल्या माणसांसाठी हिरव्या-पिवळ्यामधली रेघच वर सरकवली होती. मुकादमाच्या पट्ट्याला नव्वदीची मोजणी नव्हती, म्हणून तिची रेघ जागेवरच होती. पन्नासाव्या दिवशी जो आकडा चालत होता, तोच आकडा ऐंशीव्या दिवसानंतर आजार ठरत होता. पट्टा मोजत होता ते खरं होतं. मोजल्यानंतर निकाल देणारी यंत्रणा खोटं बोलत होती.

आणि मग दुसरा विचार आला. मोजणी खरी असेल, तर सहा दिवसांपूर्वी हेमराजची पातळी घसरत होती तीही खरीच होती. ती किती घसरली होती हे तिने पाहिलंच नव्हतं. तिने फक्त दिव्याचा रंग पाहिला होता.

ती धावत सुटली. तळ पॅकहाऊसपासून बागेच्या चार पट्ट्या ओलांडून होता. ड्रोन जमिनीवर होते, एकाचे पंखे नुसतेच फिरत होते. हेमराज पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता. शर्ट छातीपर्यंत ओला. तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि ती पुसायला हात वर येत नव्हता. दंडाच्या कातडीखाली काहीतरी वळवळावं तसे स्नायू उडत होते.

“हेमा! हेमा, इकडं बघ.”

त्याने पाहिलं. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

“ताई,” तो म्हणाला, “दिसत नाही गं.”

ग्रामीण रुग्णालयात त्याला उतारा म्हणून इंजेक्शनं दिली आणि लगेच जिल्ह्याला हलवलं. अकरा दिवस तो श्वासाच्या यंत्रावर होता. तो शुद्धीवर आला तेव्हा योगिता उशाशी होती. तिने रंजनाला एकच प्रश्न विचारला.

“पट्टा कुणाच्या हातावर होता?”

रंजनाने सांगितलं. त्यानंतर योगिता तिच्याशी बोलली नाही. डबा आणला तर घ्यायची, रिकामा करून परत द्यायची, पण तोंड उघडायची नाही.

तीन आठवड्यांनी हेमराज उभा राहायला गेला आणि त्याची पावलं लोंबली. घोटा वर उचलेना. चालताना पाऊल आधी फरशीवर आपटायचं, मग त्याच्यावर भार टाकावा लागायचा. डॉक्टरांनी सांगितलं, या विषाचा हा उशिरा दिसणारा परिणाम असतो, पायाच्या लांब नसा वाळतात. काही माणसं वर्षा-दोन वर्षांत सावरतात, काही सावरत नाहीत.

योगिताने पाड्यावरच्या आशाताईला बरोबर घेऊन कामगार अधिकाऱ्यांकडे तक्रार दिली. कंपनीने लेखी उत्तर पाठवलं. हेमराज भोये याची ऐंशीव्या दिवशी घसरलेली पातळी दुसऱ्याच दिवशी सावरली आणि पंच्याऐंशीव्या दिवसापर्यंत उत्तम होती. शहाऐंशीव्या दिवशी ती किंचित कमी झाली, आणि यंत्रणेने लगेच विश्रांती सुचवली. एवढ्याशा घटीने माणूस कोसळत नाही. तेव्हा विष कंपनीच्या बागेत अंगात गेलेलं नाही. त्याने बाहेर कुठे काय हाताळलं, हे आम्ही सांगू शकत नाही.

सुनावणीच्या आठ दिवस आधी शिरसाट रुग्णालयात आले. रंजनाला बाहेर लिंबाच्या झाडाखालच्या बाकावर बसवलं.

“तुमच्या दोन्ही मनगटांवर सुयांचे डाग आहेत,” ते हळूच म्हणाले. “मी त्याच दिवशी पाहिले. कुणाला बोललो नाही.”

रंजनाने बाह्या मनगटांवर ओढल्या.

“तुम्ही सांगितलंत तर काय होईल ते ऐका. हजेरीसुद्धा पट्ट्यावरच लागते. पट्टा त्याच्या हातावर नव्हता म्हणजे एक्क्याऐंशीव्या दिवसापासून तो कामावरच नव्हता. त्याच्या विषबाधेचा एकही पुरावा उरत नाही. तुमचा मुकादमकीचा परवाना जाईल आणि टोळीही जाईल.” त्यांनी चष्मा पुसला. “आणि नाही सांगितलंत, तर कंपनी माणुसकी म्हणून हेमराजच्या पायांवर उपचार करेल. इथंच नाशिकला चांगलं केंद्र आहे. व्यायाम, यंत्रं, जितकी वर्षं लागतील तितकी. मी लिहून देतो. टोळीही तुमचीच राहील.”

“आणि बाकीच्या बाया? आठ-आठ दिवस घरी बसवलेल्या?”

“त्यांची तर काही तक्रारच नाही,” शिरसाट म्हणाले.

या खेपेला रंजनाने स्वतःच्या मनाने ठरवलं नाही. ती वॉर्डात गेली आणि दोघांसमोर स्टुलावर बसून तिने सगळं सांगितलं. दोन पट्टे, दोन निकाल, शिरसाटांचं बोलणं.

योगिता आधी बोलली, पण नवऱ्याकडे बघून. “घ्या म्हणावं. पाय सुधारत असतील तर घ्या. त्या घरी बसवलेल्या बाकीच्या जणी काही आपल्या घरात दळण दळायला येणार नाहीत.”

हेमराज पायांकडे बघत होता.

“ते उपचार कधीपर्यंत?” त्याने विचारलं.

“लिहून देतो म्हणाले.”

“कायद्यातही लिहिलेलंच होतं, ताई.” त्याचा आवाज श्वासाच्या नळीमुळे अजून घोगरा होता. “मी लहान नव्हतो. डोळ्यांना दिसत नव्हतं, आणि मीच मनगट पुढे केलं. मला नव्वद भरायचे होते. आता आपण चूप बसायचं, हे पायांवर उपचार देणार, मग पुढच्या वर्षी आणखी कुणीतरी असंच मनगट पुढे करणार. तू सांगून टाक.”

“तुमचं काय जातं सांगून टाका म्हणायला?” योगिता पहिल्यांदाच नवऱ्यावर ओरडली. शेजारच्या खाटांवरची माणसं वळली. “तुम्हाला उचलून संडासात मी नेते!”

ती बाहेर निघून गेली. रंजना तिच्यामागे गेली नाही.

सुनावणीला कामगार अधिकारी वर्षा ठोंबरे होत्या. त्यांनी पट्ट्यांच्या नोंदी वाचायला डॉ. मुजावरांना बोलावलं होतं. रंजना उभी राहिली आणि तिने घडलं ते सांगितलं. घाम पाहिल्याचंही सांगितलं. सांगून झाल्यावर ती खाली बसली आणि दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

डॉ. मुजावरांनी पडद्यावर दोन आलेख एकावर एक ठेवले. सहा दिवसांची सगळी वळणं जुळत होती. जेवल्यानंतरची, झोपेतली, पहाटेची.

“हे एकाच शरीराचं आहे,” त्या म्हणाल्या. “यात शंका नाही.”

“मग एकाला हिरवा आणि दुसऱ्याला पिवळा कसा?” ठोंबरेंनी विचारलं.

डॉक्टरांनी यंत्रणेतल्या रेघांचा तक्ता मागितला. कंपनीच्या वकिलाने हरकत घेतली, ठोंबरेंनी ती नोंदवून घेतली आणि तक्ता आणायला लावला. डॉक्टर तो वाचत गेल्या तशा त्यांचा चेहरा उतरत गेला. पहिल्या दिवसापासून सत्तराव्यापर्यंत रेघ एकाच उंचीवर. मग दर दिवशी थोडी वर.

“जितके दिवस जास्त, तितकी आम्ही काळजी जास्त घेतो,” शिरसाट म्हणाले. “विष साचत जातं, म्हणून.”

“बरोबर,” ठोंबरे म्हणाल्या. “तुमच्या अकरा कामगारांचे नव्वद दिवस भरले. त्यांची रेघ एक्क्याण्णवाव्या दिवशी कुठे आहे, डॉक्टर?”

“परत खाली,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “पहिल्या दिवशी होती तिथंच.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मी हा पट्टा माणसं वाचवायला केला होता,” त्या म्हणाल्या, कुणाकडे न बघता. “या बाईंनी भावाचा पट्टा काढला, कारण त्यावर विश्वास ठेवायला त्यांना जागाच ठेवली नाही तुम्ही.”

निकाल मे महिन्यात लागला. घरी पाठवलेल्या बावीस कामगारांची आठ दिवसांची विश्रांती खंड म्हणून धरायची नाही. त्यांचे नव्वद दिवस पूर्ण समजायचे. पुढच्या हंगामात त्यांना आधी बोलवायचं. रेघ कुठे असावी हे इथून पुढे कंपनी ठरवणार नाही. हेमराज भोये याच्या बाबतीत मात्र एक्क्याऐंशी ते शहाऐंशी या दिवसांची त्याच्या शरीराची कोणतीही नोंद उपलब्ध नाही, आणि ऐंशीव्या दिवसाची घसरण एकटी पुरावा म्हणून पुरेशी नाही. विषबाधा झाली हे रुग्णालयाच्या कागदावरून सिद्ध होतं, कुठे झाली हे होत नाही. दावा फेटाळण्यात येत आहे. मुकादम रंजना भोये हिचा परवाना रद्द. पाच हंगाम तिने कुठल्याही बागेवर, कुठल्याही नावाने काम करायचं नाही.

ठोंबरेंनी निकाल वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवला आणि रंजनाला म्हणाल्या, “माझ्या हातात एवढंच होतं.”

“तुम्ही केलंत तेवढं,” रंजना म्हणाली. हेमराजला खुर्चीवरून उठवायला तिने आणि योगिताने एकेक बाजू धरली.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. हेमराज दोन काठ्या घेऊन अंगणाच्या टोकापर्यंत जायला शिकला. त्याहून पुढे गेला नाही. रंजना नागलीच्या शेतात राबायची आणि सकाळ-दुपार भावाच्या पायांना तेल लावून घोटे वाकवायची, रुग्णालयातल्या बाईने दाखवलं होतं तसे. योगिता त्याच घरात राहायची, स्वयंपाक करायची, तिच्या पुढ्यात ताट ठेवायची. बोलायची नाही.

ऑक्टोबरमध्ये टेम्पो आला. नव्वद भरलेल्या तेहतीस माणसांची नावं फोनवर आधीच आली होती, आणि आदल्या दिवशी बायांनी बसून योगिताला मुकादम ठरवलं होतं. मुकादम झालं की नव्वद दिवसांचा हक्क सुटतो, हे तिला माहीत होतं. तरी ती हो म्हणाली.

टेम्पो पाड्याच्या तोंडाशी उभा होता. बाया गाठोडी वर चढवत होत्या, कुणीतरी हसत होतं. रंजना अंगणात हेमराजच्या पायांपाशी बसली होती. योगिता बाहेर जायला निघाली, दारात थांबली, मग परत फिरून रंजनासमोर उकिडवी बसली. मांडीवर वही ठेवली, पेनचं टोपण काढलं.

“आक्का,” ती म्हणाली, “बागेच्या कुठल्या पट्टीत कधी औषध मारतात आणि किती दिवसांनी आत सोडतात, ते सगळं सांगा. आणि बाहुल्या कशा बघायच्या, तेही.”

रंजनाने तेलाचे हात पदराला पुसले. “पाठ उन्हाकडं करून उभं करायचं,” ती म्हणाली. “सावलीतही बाहुली लहानच राहिली, तर तिला त्या दिवशी बागेत सोडायचं नाही. दिवा कुठलाही असो.”

योगिता लिहीत होती. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. तिने मान वर केली नाही.

“सावकाश सांगा,” ती म्हणाली. “थांबेल तो.”